सर म्हणतायत

मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. दुपारचे पावणेदोन झाले, जेवणाची ताटं उचलली गेली, तरी दादानं पत्र वाचायला घेतलं नव्हतं. कागद टेबलावर त्याच्या हाताशी पालथा पडला होता आणि त्यावर त्यानं पाण्याचा ग्लास ठेवला होता. ग्लासाचा ओला गोल कागदावर उमटत चाललेला खडू समोरच्या खुर्चीवरून बघत होती.

"ग्लास उचल, दादा. ओलं झालं तर पुन्हा छापून आणायला वेळ नाही."

"अगं, जेवण तरी खाली उतरू दे."

"तीन आठवडे मागते आहे. एवढ्या वेळात हत्तीचं जेवणसुद्धा उतरलं असतं."

मास्तर हसला आणि मेव्हण्याचा चेहरा बघून त्यानं हसू पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. खडूशी लग्न होऊन त्याला सतरा वर्षं झाली होती, पण फुटबॉलवाल्या या घरात तो अजून पाहुण्यासारखाच बसायचा, दाराजवळच्या खुर्चीवर.

आजचं जेवण दादाच्या निवृत्तीचं होतं. कॉलेजच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची चोवीस वर्षं काल पूर्ण झाली होती. चोवीस वर्षांत सात अजिंक्यपदं. त्याच्याआधी संघ त्याच्या आणि खडूच्या वडिलांचा, अप्पांचा होता. त्यांनीच तो उभा केला आणि एके दिवशी शिट्टी मुलाच्या हातात देऊन ते घरी आले. तेव्हा जाहिरात नव्हती, अर्ज नव्हता, मुलाखत नव्हती. या वेळी कॉलेजनं तिन्ही गोष्टी ठेवल्या होत्या.

खडू त्या संघाची सहायक प्रशिक्षक. एकोणीस वर्षं. लहानपणी ती अप्पांच्या मागे मैदानावर चुन्याच्या रेघा मारत फिरायची आणि संध्याकाळी पांढरीफटक होऊन घरी यायची, तेव्हापासून घरच्यांच्या तोंडी खडूच राहिली. खेळाडू तिला मॅडम म्हणायचे. सामन्यात तिचा आवाज मात्र त्यांना एकाच प्रकारे ऐकू यायचा. "सर म्हणतायत, पुढं सरक." "सर म्हणतायत, दोघांनी मिळून धर." अप्पांचा नियम होता, एका बाकावरून एकच आवाज. सहायकाला जे सुचेल ते त्यानं प्रशिक्षकाच्या कानात सांगायचं, आणि निरोप न्यायची वेळ आलीच तर प्रशिक्षकाच्या नावानं न्यायचा. दोन आवाज झाले की पोरं तिसऱ्याचं ऐकतात, असं अप्पा म्हणत. खडूनं हा नियम इतका पाळला होता की दुधवाल्याशी बोलतानासुद्धा कधीकधी तिच्या तोंडून "सर म्हणतायत" निघून जायचं.

"कसलं पत्र, आत्या?" कप्तान आतून द्राक्षांचा वाडगा घेऊन आला. दादाचा हा एकुलता एक मुलगा सव्वीस वर्षांचा होता. याच संघाचा तो दोन वर्षं कर्णधार होता. मग गुडघा गेला, आणि गेली दोन वर्षं तो एका क्लबच्या कुमार संघाला शिकवत होता. त्याचा अर्ज बुधवारीच कॉलेजात पोचला होता.

"काही नाही रे. ऑफिसचं काहीतरी," दादा म्हणाला.

"ऑफिसचं नाही," खडू म्हणाली. "माझ्या अर्जाला जोडायचं आहे."

कप्तान थांबला. "तुझा अर्ज? कशाला?"

"मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी."

वहिनी हात पुसत दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. कप्तान आधी हसला, मग कोणीच हसत नाही हे पाहून गंभीर झाला. "पण आत्या, तू माझ्यासोबत असणार होतीस ना? मी धरूनच चाललो होतो. बाबांना सांगायचीस तसं मला सांगायचं."

"तू मला विचारलं होतंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"हेच," खडू म्हणाली, आणि हात लांब करून तिनं ग्लास उचलला, कागद उलटा केला आणि भाच्यापुढं सरकवला. "वाच. मोठ्यानं वाच. इथं अर्ध्यांना माहीत आहे, बाकीच्यांनाही कळू दे."

"खडू," अप्पा म्हणाले. त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं, आवाज बारीक झाला होता, पण टेबलावर तो अजून चालायचा. एरवी ती थांबली असती.

"जाहिरातीत अट आहे, अप्पा. एका तरी अधिकृत सामन्यात संघ स्वतः चालवल्याचं पत्र हवं, त्या वेळच्या मुख्य प्रशिक्षकाच्या सहीचं. माझ्याकडं एकोणीस वर्षांचा एकही कागद नाही. तुमच्या नियमानं सामनापत्रकावर सहायकाचं नाव घालायचं नसतं. कॉलेजच्या लेखी मी चेंडूंना हवा भरत होते."

कप्तान वाचू लागला. पहिली ओळ मोठ्यानं, दुसरी हळू. "...अकरा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात मी मैदानावर उपस्थित नव्हतो. त्या काळात संघाची संपूर्ण जबाबदारी सहायक प्रशिक्षकांनी..." तो थांबला. "हे खोटं आहे."

खडूनं हातातला ग्लास बाजूला ठेवला.

"खोटं आहे, आत्या! मी पंधरा वर्षांचा होतो, तिथंच बसलो होतो. दोन शून्यनं मागं होतो आपण. बाबा उत्तरार्धभर खेळाडूंच्या त्या बोळात उभे होते, आत सावलीत. तू धावत त्यांच्याकडं जायचीस आणि निरोप आणायचीस. सगळ्या स्टेडियमनं बघितलंय."

"सगळ्या स्टेडियमनं मला बोळात जाताना बघितलंय," खडू म्हणाली. "बोळात काय होतं ते कोणी बघितलं नाही. सामानाच्या खोलीचं दार होतं, आणि दाराला कुलूप. ते मी लावलं होतं."

कप्तानानं वडिलांकडं बघितलं. दादा घडी केलेल्या रुमालाची घडी पुन्हा घालत होता.

"बाबा?"

"मध्यंतराला मी चेंडू आणायला म्हणून आत गेलो," दादा रुमालाकडं बघत म्हणाला. "आणि मला बाहेर येता येईना. पाय उचलेनात. छाती अशी धडधडत होती की वाटलं, संपलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदय ठणठणीत आहे. घाबरलात म्हणाले. दोन गोल खाल्ले होते आणि पाच हजार माणसं शिव्या घालत होती. मी हिला म्हटलं, बाहेरून कुलूप लाव, मला असं कोणी बघता कामा नये."

"आणि भाषण? दर वर्षीचं?"

त्या भाषणाबद्दल घरात कोणाला सांगायला नको होतं. दर उन्हाळ्यात प्रशिक्षकांच्या शिबिरात दादा त्या उत्तरार्धावर तासभर बोलायचा, फळ्यावर बाण काढायचा. लोक लांबून यायचे. कप्तानला ते शब्दन् शब्द पाठ होतं.

"परतताना मी हिला बसमध्ये सगळं विचारून घेतलं होतं," दादा म्हणाला.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या सामन्याला संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून मीच गेलो होतो. बाकावर होतो," अप्पा म्हणाले. "पत्रकावर सही माझी आहे. आणि आता सगळे ऐका. जे झालं ते घराच्या आत झालं. ते बाहेर गेलं तर लोक हसतील. सात कपांवर हसतील. खडू, तुला कॉलेजात मान आहे, पगार आहे. पोरगा येईल, तू त्याला सांभाळून घे. जसं याला घेतलंस."

"पुढच्या एकोणीस वर्षांसाठी?"

"माझं म्हणणं मी सांगितलं."

"अप्पा, एक शंका," दाराजवळून मास्तर म्हणाला. "प्रशिक्षक खोलीत बसला तर कप परत करावा लागतो, असं नियमात आहे का?"

"नाही."

"मग राहिलं फक्त हसणं."

"जावईबापू, तुम्ही नद्या-डोंगरांचं बघा."

"बघतोच. डोंगरसुद्धा अकरा वर्षांत थोडा सरकतो."

खडूनं नवऱ्याकडं पाहिलं. काल त्यानं तिला विचारलं होतं, पत्र मिळालं नाही तर काय करशील? तिनं विषय बदलला होता. आज तिच्या पिशवीत अर्जाखाली दुसरा एक कागद होता, दोन ओळींचा राजीनामा. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. धमकी म्हणून तो काढायचा नाही, हे ठरलेलं होतं. गरज पडली तर पाच वाजता त्याच खिडकीवर द्यायचा आणि घरी यायचं.

ती वहिनीकडं वळली नाही. वहिनी मुलाच्या बाजूनं असणार हे तिनं तीन आठवड्यांपूर्वीच गृहीत धरलं होतं. ती चूक होती.

"ह्यांना त्या भाषणाच्या आदल्या दिवशी जेवण जात नाही," वहिनी दारातूनच म्हणाली. "अकरा वर्षं. मी तिसऱ्या रांगेत बसते, आणि हे टाळ्या झाल्या की आधी माझ्याकडं बघतात. मला त्या नजरेचा कंटाळा आलाय, अप्पा." मग खडूला म्हणाली, "आणि वन्सं, तुझीही कमाल आहे. अकरा वर्षांत एकदा तरी भांडायचंस. मीच तुझ्या बाजूनं भांडले असते."

"तू? मुलाच्या विरुद्ध?"

"त्याला जागा मिळावी असं मला वाटतंच. आई आहे मी. पण याच्यासाठी ह्यांनी तोंड मिटून बसायचं, तर मग उद्या हाही त्या खोलीत जाऊन बसणार."

कप्तान खुर्चीत आदळल्यासारखा बसला होता. कागद त्याच्या हातात होता. "मला पटत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, हट्टी होता. "तू निरोप्याचं काम केलं असशील. पण त्या डाव्या बचावपटूला मैदानावर ठेवायचं, तो निर्णय बाबांचा होता. दोन्ही गोल त्याच्या बाजूनं झाले होते. कोणीही त्याला काढला असता. बाबांनी त्याच्या डोळ्यात बघितलं आणि ओळखलं, हा उभा राहील."

"त्याच्या डोळ्यात पाणी होतं," खडू म्हणाली. "तो स्वतःच म्हणाला, मॅडम, मला काढा."

दादाचा हात रुमालावर थांबला. "काय म्हणालीस?"

"मला काढा म्हणाला. मध्यंतराला."

"हे तू बसमध्ये सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस. तू फक्त बदल विचारलेस."

दादा खुर्ची पुढं ओढून बसला. खडूनं त्याला असं बसताना हजारदा पाहिलं होतं, बाकाच्या टोकावर, कोपरं गुडघ्यांवर. त्यानं द्राक्षांचा वाडगा ओढला, हिरवी एकीकडं आणि काळी एकीकडं केली आणि टेबलावर दोन संघ मांडले. मांडणी पाठ होती. सगळी बोटं न अडखळता चालली.

"आता दाखव. पहिल्या मिनिटापासून."

"त्यांचा उजव्या बगलेचा पोरगा आठवतोय? हरणासारखा." तिनं एक काळं द्राक्ष पुढं घेतलं. "तो आपल्याला फाडत होता. पण पूर्वार्धात तो एकदाही मागं आला नव्हता. त्याला बचाव करायची सवयच नव्हती. म्हणून मी आपल्या डाव्या पोराला सांगितलं, तू बचाव सोड. मध्यरेषेच्या पलीकडं जा आणि तिथंच थांब. चेंडू येवो न येवो, मागं यायचं नाही."

"आणि मागची जागा?"

"मधला सरकवला. हा."

"मधलं भगदाड पडलं असतं."

"पडलं. आठ मिनिटं जीव मुठीत धरून बसले होते मी. एकदा चेंडू खांबाला लागला. पण त्यांच्या पोराला त्याच्यामागं धावत यावं लागलं. साठाव्या मिनिटाला त्याची जीभ बाहेर आली होती."

"एक मिनिट." कप्तान वाकला होता. "मग दुसऱ्या गोलच्या वेळी हा इथं कसा होता? भाषणात तर—" त्यानं विचार करता करता एक द्राक्ष उचलून तोंडात टाकलं.

"अरे गाढवा, तू आपला सेंटर-फॉरवर्ड खाल्लास," दादा म्हणाला.

अप्पांनी वाडग्यातून एक हिरवं द्राक्ष काढलं आणि रिकाम्या जागी ठेवलं. त्यांनीही खुर्ची थोडी पुढं घेतली होती.

तिसरा, जिंकून देणारा गोल अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, कॉर्नरवरून. तो दाखवून झाल्यावर खडूनं हात मागं घेतले. दादा टेबलावर वाकला. हिरव्या द्राक्षांमधलं डावीकडचं एक त्यानं बोटानं हळूच मागं ओढलं आणि वाडग्यात टाकलं.

"मी त्याला काढला असता," तो म्हणाला.

"माहीत आहे. आत जायच्या आधी तू बदली खेळाडूला अंग गरम करायला सांगून गेला होतास. तो बिचारा उत्तरार्धभर उड्या मारत होता."

"आणि आपण चार शून्यनं हरलो असतो."

"पाच."

दादा हसला. मग त्यानं चष्मा लावला, मुलाच्या हातातून पत्र घेतलं आणि शेवटी एकदाचं वाचलं. "हे भिकार लिहिलंय. 'संपूर्ण जबाबदारी' म्हणजे काय? समितीला काय कळणार त्यातून? कोरा कागद दे."

त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. पंचेचाळीस मिनिटं आणि पंचांनी दिलेली चार मिनिटं. कोणते बदल, कोणत्या मिनिटाला, कोणाच्या निर्णयानं. शेवटी एक ओळ, जी खडूच्या मसुद्यात नव्हती: मी असतो तर हा सामना हरलो असतो. सही केली आणि कागद अप्पांपुढं सरकवला. "पत्रकावर सही तुमची आहे. याच्यावरही लागेल."

"लोक हसतील," अप्पा म्हणाले.

"हसू देत. आणि पुढच्या महिन्यात शिबिर आहे. फळ्यापाशी ही उभी राहील. तिसऱ्या रांगेत मी बसेन."

अप्पांनी पेन घेतलं, पण लगेच टेकवलं नाही. ते मुलीकडं बघत होते. "तुला माझा नियम चुकीचा वाटतो?"

"नाही. संघ मिळाला तर मीही तोच ठेवीन," खडू म्हणाली. "पण पत्रकावर दोन्ही नावं घालीन."

अप्पांनी सही केली. पूर्ण नावाची.

तीन पन्नास झाले होते. मास्तर गाडीच्या किल्ल्या शोधायला उठला, तेव्हा कप्तान म्हणाला, "मी सोडतो तिला." वहिनीनं त्याच्याकडं बघितलं. "सोडतो म्हटलं ना. पळवून नाही नेणार."

कॉलेजपर्यंत वीस मिनिटं लागायची.

"अकरा वर्षं तू मला खोटं सांगितलंस, आत्या," सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला.

"हो."

"माफी तरी माग."

"मागते. बाप खोलीत कोंडून बसला हे पंधराव्या वर्षी सांगायला नको होतं. पण विसाव्या वर्षी सांगायला हवं होतं. ती चूक माझी."

सिग्नल सुटला. "मी अर्ज मागं घेणार नाही," तो म्हणाला.

"मी सांगितलं का घ्यायला?"

"मला वाटलं, घरातून तसं काही निघेल."

"निघालंच तर माझ्याकडं पाठव. त्यांचं मी बघते."

ऑफिसच्या खिडकीवर कारकुनानं अर्जाची पानं मोजली, जोडपत्रं तपासली. दादाचं पत्र त्यानं इतर पत्रांसारखंच वरवर बघितलं, मग शेवटच्या ओळीपाशी त्याची नजर अडकली आणि तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. तो कॉलेजचाच जुना माणूस होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, आणि शिक्का मारून पोच तिच्या हातात दिली.

"मंगळवारी अकरा वाजता, मॅडम. आत्तापर्यंत दोनच उमेदवार आहेत."

पिशवीतला दुसरा कागद तिनं तिथल्याच टोपलीत चार तुकडे करून टाकला.

बाहेर कप्तान गाडीला टेकून उभा होता. "घेतला?"

"घेतला."

"मंगळवारी मी पूर्ण तयारीनं येणार. तू आत्या आहेस म्हणून मागंपुढं बघणार नाही."

"बघितलंस तर समितीसमोर कान पिळीन."

"चल, घरी सोडतो. बाबा वाट बघत असतील." त्यानं पुढचं दार उघडून धरलं.

खडू दारापाशी आली. आत बसायला वाकली, आणि सरळ झाली.

"नको. मी चालत जाते."

"अगं, पाच किलोमीटर आहे!"

"असू दे. गाडीत तू मला बोलतं करशील, आणि मी माझी उत्तरं सांगून बसेन. सवय आहे मला." तिनं गाडीचं दार बाहेरून लावलं आणि पिशवी खांद्यावर टाकली. "प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतून मी जात नाही."

तो ओरडून काहीतरी म्हणाला. ती वळली नाही. कॉलेजच्या भिंतीला लागून रस्ता सरळ जात होता. समितीचा पहिला प्रश्न काय असेल, हे तिला साधारण दिसत होतं. त्याला कप्तान काय उत्तर देईल, हेही. तो घाईनं पुढं जाईल आणि मागची जागा मोकळी सोडेल. तिनं चालण्याचा वेग वाढवला आणि स्वतःचं उत्तर पहिल्या शब्दापासून मांडायला घेतलं.